माजी सैनिकांसाठी विधी सहाय्य : विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रकल्पांचे संघटन

सारांश

सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानाला आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीला कायद्याने अनेक हक्क दिलेले आहेत. हे हक्क प्रत्यक्षात मिळवताना मुख्य अडचण कागदपत्रांची आणि मुदतींची असते. ही अडचण दूर करण्याचे काम विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी करू शकतात. मात्र त्यासाठी एक दिवसाच्या शिबिराची पद्धत पुरेशी नाही. विद्यार्थ्यांना कायद्याने काय करता येते, काय करता येत नाही आणि शैक्षणिक वर्ष संपल्यावर हाती घेतलेल्या प्रकरणाचे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवून मगच असा प्रकल्प उभारावा लागतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : माजी सैनिक, विधी सहाय्य, दिव्यांगत्व निवृत्तिवेतन, सशस्त्र सेना न्यायाधिकरण, विधी शिक्षण.

प्रस्तावना

महाराष्ट्राला सैनिकी परंपरा मोठी आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाच्या नावातच ती नोंदली गेली आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाण्याची प्रथा आहे. सैन्यातील शिपाई दर्जाचा जवान साधारणतः चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतो. अधिकारी दर्जाखालील जवानाला सेवा निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण करावी लागते. त्यामुळे निवृत्तीनंतरचे आयुष्य हे सेवेतील आयुष्यापेक्षा बरेचदा दीर्घ असते. या दीर्घ काळात निवृत्तिवेतनातील त्रुटी, नावातील तफावत, वैद्यकीय मंडळाचा प्रतिकूल अभिप्राय, शेतजमिनीचे वाद असे अनेक प्रश्न त्याच्यासमोर उभे राहतात.

राज्यात सैनिक कल्याण विभागाचे संचालनालय पुणे येथे असून जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये कार्य करतात. दुसऱ्या बाजूस जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुका विधी सेवा समिती यांची यंत्रणा आहे. तिसरा घटक म्हणजे विधी महाविद्यालये. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधी सहाय्य केंद्र चालविणे अपेक्षित आहे. या तीनही घटकांचा एकमेकांशी नियमित संबंध प्रस्थापित झाल्यास माजी सैनिकांच्या प्रश्नांना वेगळी दिशा मिळू शकते.

वैधानिक आधार

राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-क समाविष्ट करण्यात आला आणि मोफत विधी सहाय्य हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. या कायद्याच्या कलम ४ मध्ये विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांतील विधी सेवा केंद्रांना मार्गदर्शन करण्याचे कार्य राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपविलेले आहे. २०११ मध्ये विधी सेवा केंद्रांविषयी स्वतंत्र विनियम करण्यात आले.

या ठिकाणी एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. कलम १२ मध्ये मोफत विधी सेवेस पात्र असणाऱ्या व्यक्तींची जी यादी आहे, तीत 'माजी सैनिक' हा स्वतंत्र वर्ग नाही. तथापि महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांचा त्या यादीत समावेश असून त्यांना उत्पन्नाची अट लागू नाही. म्हणजेच सैनिकाची विधवा पत्नी आणि सेवेत दिव्यांगत्व आलेला जवान हे दोघेही मोफत वकिलास पात्र ठरतात. ही साधी माहिती अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचलेली नसते. विद्यार्थी प्रकल्पाचे पहिले काम ती पोहोचविणे हे होय.

२६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच विधी सेवा केंद्रे स्थापन करणे हा या योजनेचा गाभा आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांनी कोठे बसावे, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर आता सोपे झाले आहे. माजी सैनिकाला महाविद्यालयात बोलावण्याऐवजी तो ज्या कार्यालयात स्वतःहून येतो, तेथेच विद्यार्थ्यांनी उपस्थित राहणे श्रेयस्कर आहे.

प्रश्नाचे खरे स्वरूप : विलंबाची किंमत

माजी सैनिकांच्या प्रकरणांत दिव्यांगत्व निवृत्तिवेतनाची प्रकरणे महत्त्वाची आहेत. दिव्यांगत्व किमान २० टक्के असणे आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असणे, या त्यातील मुख्य अटी होत. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा लिहिल्यास दावा फेटाळला जातो.

या संदर्भात धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१३) हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मार्गदर्शक आहे. १९८५ मध्ये भरती झालेल्या या जवानास १९९४ मध्ये २० टक्के दिव्यांगत्वामुळे सेवामुक्त करण्यात आले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावे, पुराव्याचा भार दावेदारावर टाकू नये आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत, अशी तत्त्वे न्यायालयाने या प्रकरणात सांगितली. निर्णय त्या जवानाच्या बाजूने लागला; परंतु सेवामुक्ती आणि अंतिम निर्णय यांच्यामध्ये १९ वर्षे गेली.

विलंबाचा आर्थिक परिणाम भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग (२००८) या निर्णयातून स्पष्ट होतो. १९८३ मध्ये सेवामुक्त झालेल्या जवानाने १९९९ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती. निवृत्तिवेतन न मिळणे हा दरमहा चालू राहणारा अन्याय असल्यामुळे उशीर झाला तरी मूळ हक्क बुडत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र थकबाकी याचिका दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. याचा अर्थ असा की, २००५ मध्ये सेवामुक्त झालेल्या एखाद्या जवानाने २०२५ मध्ये दाद मागितली, तर या तत्त्वानुसार त्याला साधारणतः २०२२ पासूनचीच थकबाकी मिळेल. आधीच्या सतरा वर्षांची रक्कम त्याच्या हातून गेलेली असेल. यापुढेही अर्ज करण्यास जितका उशीर होईल, तितक्या महिन्यांची रक्कम कायमची गमवावी लागेल. विद्यार्थी प्रकल्पाचे सामाजिक मोल येथे दिसते. एखाद्या खेड्यातील वृद्ध जवानाचे प्रकरण दोन वर्षे आधी न्यायाधिकरणापुढे गेले, तर दोन वर्षांचे निवृत्तिवेतन वाचते.

विद्यार्थ्यांना करता येण्याजोगी कामे

(१) कागदपत्रांची जुळवणी : डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतन आदेश अर्थात पी.पी.ओ., वैद्यकीय मंडळाची कार्यवाही, दावा फेटाळल्याचे पत्र आणि रेकॉर्ड ऑफिसशी झालेला पत्रव्यवहार ही या प्रकरणांतील मूळ कागदपत्रे होत. बहुतेक कागद इंग्रजी किंवा हिंदीत असतात. ते वाचून त्यांतील आशय जवानाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे आणि तारखांच्या क्रमाने एक टिपण तयार करणे हे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही उत्तम प्रकारे करू शकतो. सेवामुक्तीची तारीख विशेष काळजीने पाहावी लागते. सेवाजन्य मृत्यू व दिव्यांगत्वाविषयीचे हक्कनियम २०२३ मध्ये बदलले असून २१ सप्टेंबर २०२३ पूर्वीच्या व नंतरच्या प्रकरणांना वेगवेगळे नियम लागू होतात.

(२) माहिती अधिकाराचा वापर : वैद्यकीय मंडळाची कार्यवाही जवानाजवळ नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ती मागविता येते. दहा रुपयांचे शुल्क आणि ३० दिवसांची मुदत असलेला हा अर्ज अनेक प्रकरणांचा पहिला टप्पा ठरतो.

(३) नोंदींतील दुरुस्ती : सैन्यातील नोंदीत पत्नीचे नाव माहेरचे असणे, आधार कार्डावर ते सासरचे असणे, मुलांच्या जन्मतारखा न जुळणे अशा बाबींमुळे कुटुंब निवृत्तिवेतन अडते. संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनाचे वितरण आता 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून होते. त्यामुळे ही तफावत अधिक जाचक ठरते. प्रतिज्ञापत्राचा मसुदा, आवश्यक पुरावे आणि रेकॉर्ड ऑफिसकडे करावयाचा अर्ज यांत विद्यार्थ्यांची मदत मोलाची ठरते. जवान हयात असतानाच ही दुरुस्ती करून घेतल्यास त्याच्या पश्चात पत्नीचे हेलपाटे वाचतात.

(४) कल्याण योजनांची माहिती : निवृत्तिवेतनाची अर्हता पूर्ण न करता सेवेतून परतलेल्या, ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळामार्फत दरमहा अनुदान दिले जाते. पूर्वी ४,००० रुपये असलेले हे अनुदान १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये करण्यात आले. निवृत्तिवेतनधारक नसल्यामुळे ही कुटुंबे शासकीय नोंदींच्या बाहेर राहतात. त्यांना शोधून काढण्यासाठी ग्रामसर्वेक्षणाचा चांगला उपयोग होतो.

(५) महसुली वादांचे प्राथमिक आकलन : जवान सीमेवर असताना गावी झालेले वाटप, वारसनोंद किंवा फेरफार यांविषयीच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात. सात-बारा उतारा व फेरफार नोंदी मिळवून त्यांचा कालक्रम मांडणे एवढेच काम विद्यार्थ्यांनी करावे. पुढील सल्ला वकिलाने द्यावा.

विद्यार्थ्यांच्या मर्यादा

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत अधिवक्त्यासच आहे. कलम ३२ अन्वये एखाद्या विशिष्ट प्रकरणात न्यायालय इतर व्यक्तीस परवानगी देऊ शकते. परंतु त्या अपवादावर प्रकल्पाची उभारणी करता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे कायदेशीर मत देऊ नये, 'तुमचे काम नक्की होईल' असे आश्वासन देऊ नये आणि कोणत्याही स्वरूपात मोबदला स्वीकारू नये.

येथे आणखी एक अडचण संभवते. पूर्णवेळ पगारी अध्यापकास सामान्यतः वकिली करता येत नाही. परिणामी ज्या अध्यापकाच्या देखरेखीखाली केंद्र चालते, तोही न्यायाधिकरणापुढे उभा राहू शकत नाही. यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलाचा. दुसरा मार्ग अंशकालीन अध्यापकाचा. १९७९ च्या नियमांनुसार वकिली करणाऱ्या अधिवक्त्यास दिवसाला तीन तासांपर्यंत विधी विषयाचे अध्यापन करण्याची मुभा आहे. वर्ग आणि न्यायालय या दोहोंत वावरणारा असा अध्यापक या प्रकल्पाचा खरा दुवा ठरू शकतो.

गोपनीयतेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. अशील व वकील यांच्यातील संभाषणास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये जे संरक्षण आहे, ते वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही लागू होते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या विद्यार्थी स्वयंसेवकास ते लाभेलच, असे खात्रीने म्हणता येत नाही. मानसिक आजार, व्यसन किंवा कौटुंबिक कलह यांविषयीची माहिती अनेक प्रकरणांत समोर येते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याचे काम एका ठरावीक अधिवक्त्याच्या लेखी देखरेखीखाली असावे आणि मूळ कागद जवानाकडेच ठेवून केंद्राने केवळ छायाप्रती बाळगाव्यात.

मुदती आणि शैक्षणिक वर्ष

सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम २००७ मध्ये संमत झाला आणि २००९ पासून न्यायाधिकरणाचे काम सुरू झाले. महाराष्ट्रातील प्रकरणे मुंबई खंडपीठापुढे चालतात. अर्जदारास स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी उपलब्ध असलेली खात्यांतर्गत दाद सामान्यतः मागावी लागते. अंतिम आदेश झाल्यावर सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो. केलेल्या निवेदनावर सहा महिने उलटूनही अंतिम आदेश झाला नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत अर्ज करता येतो. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते.

या मुदती महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेशेजारी ठेवून पाहिल्यास धोका लक्षात येतो. समजा, विद्यार्थ्यांच्या मदतीने एका जवानाने ऑगस्टमध्ये निवेदन पाठविले. उत्तराची वाट पाहण्याचे सहा महिने फेब्रुवारीत संपतील आणि पुढील सहा महिन्यांची मुदत ऑगस्टपर्यंत चालेल. ही दुसरी मुदत नेमकी परीक्षा, उन्हाळी सुट्टी आणि नव्या प्रवेशांच्या काळात येते. ज्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने निवेदन लिहिले, तो तोपर्यंत महाविद्यालय सोडून गेलेला असतो. जवान मात्र 'महाविद्यालयाने काम हाती घेतले आहे' या विश्वासावर घरी थांबलेला असतो. मदतच मिळाली नसती तर कदाचित त्याने दुसरीकडे चौकशी केली असती. अर्धवट सोडलेले सहाय्य अशा रीतीने हानिकारक ठरू शकते. शिबिराच्या पद्धतीतील मुख्य दोष हाच आहे : अर्ज किती भरले याची गणना होते, त्यांचे पुढे काय झाले याची होत नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांनी या क्षेत्रात उल्लेखनीय काम केले आहे. व्हर्जिनिया राज्यातील विल्यम अँड मेरी विधी महाविद्यालयात २००८ मध्ये माजी सैनिकांसाठी विशेष केंद्र सुरू झाले. व्हिएतनाम युद्धात दोन्ही पाय गमावलेले लुईस पुलर (कनिष्ठ) यांचे नाव त्या केंद्रास देण्यात आले आहे. येल विद्यापीठाने २०१० मध्ये असेच केंद्र स्थापन केले. या केंद्राने कॉन्ली मंक या माजी सैनिकाची बाजू मांडली. त्या प्रकरणात २०१७ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने महत्त्वपूर्ण निर्णय दिला. माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी असलेल्या विशेष न्यायालयास अनेकांचा एकत्रित दावा ऐकण्याचा अधिकार आहे, असे त्याने म्हटले.

तेथील व्यवस्था जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. अमेरिकेत देखरेखीखाली विद्यार्थ्यास प्रत्यक्ष बाजू मांडण्याची मुभा देणारे नियम आहेत. भारतात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. परंतु एक गोष्ट निश्चितपणे अनुकरणीय आहे. तेथे हे काम अभ्यासक्रमाचा भाग असते, त्याला श्रेयांक असतात आणि विद्यार्थी बदलले तरी देखरेख करणारा वकील तोच राहतो. त्यामुळे प्रकरण एका सत्रापुरते मर्यादित राहत नाही.

संघटनाची रूपरेषा

वरील विवेचनाच्या आधारे महाराष्ट्रातील एखाद्या विधी महाविद्यालयास पुढील क्रमाने प्रकल्प उभारता येईल. प्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याशी लेखी सामंजस्य करावे आणि त्यात देखरेख करणाऱ्या अधिवक्त्याचे नाव नमूद करावे. त्यानंतर विद्यार्थ्यांची निवड करून त्यांना डिस्चार्ज बुक व पी.पी.ओ. कसे वाचावे, मुलाखत कशी घ्यावी आणि माहिती अर्ज कसा लिहावा याचे प्रशिक्षण द्यावे. या प्रशिक्षणात कल्याण कार्यालयातील कल्याण संघटकांचा सहभाग असावा. कारण गावोगावची कुटुंबे त्यांच्या परिचयाची असतात. आज्ञापालनाच्या शिस्तीत आयुष्य घालविलेल्या जवानाला वरिष्ठांविरुद्ध तक्रार करणे कमीपणाचे वाटू शकते. अपील हा हक्क आहे, ती बेशिस्त नव्हे, हे त्याला आदराने समजावून सांगण्याची तयारी विद्यार्थ्यांत असावी.

प्रत्येक प्रकरणासाठी दोन विद्यार्थी नेमावेत : एक वरच्या वर्गातील व एक खालच्या वर्गातील. वरचा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर खालचा ते प्रकरण पुढे नेईल. हाती घेतलेल्या प्रकरणांची संख्या देखरेख करणाऱ्या वकिलाच्या सवडीवरून ठरवावी, विद्यार्थ्यांच्या उत्साहावरून नव्हे. केंद्रात एक कायमस्वरूपी नोंदवही असावी. तीत जवानाची तक्रार, मिळालेले कागद, पाठविलेले अर्ज, पुढील मुदतीची तारीख आणि जबाबदार व्यक्ती अशा पाच नोंदी असाव्यात. दर सोमवारी ही नोंदवही पाहण्याची जबाबदारी अध्यापकावर असावी आणि सुट्टीतही ती खंडित होऊ नये. भारतीय विधिज्ञ परिषदेने त्रैवार्षिक अभ्यासक्रमासाठी १२ व पंचवार्षिक अभ्यासक्रमासाठी २० आठवड्यांचा प्रशिक्षणकाळ विहित केलेला आहे. सुट्टीतील काम या प्रशिक्षणात धरले गेल्यास विद्यार्थ्यांनाही प्रोत्साहन मिळेल. जे प्रकरण केंद्राला पुढे नेता येणार नाही, ते बंद करताना जवानास लेखी कळवावे, मुदतीची तारीख सांगावी आणि पुढे कोणाकडे जावे हेही त्यात नमूद करावे.

समारोप

माजी सैनिकांविषयी समाजात आदराची भावना आहे. ध्वजदिन व विजय दिन यांच्या निमित्ताने ती व्यक्तही होते. परंतु ज्या जवानाचा दावा एका शेऱ्यामुळे फेटाळला गेला किंवा ज्या विधवेचे निवृत्तिवेतन नावातील एका अक्षरामुळे अडले, त्यांना आदरासोबत कागद वाचणारा व मुदत लक्षात ठेवणारा माणूस हवा असतो. विधी महाविद्यालयांकडे असे शेकडो हात आहेत. अधिवक्त्याची देखरेख, सैनिक कल्याण कार्यालयाची साथ आणि वर्षानुवर्षे चालणारी नोंद या तीन गोष्टींची जोड मिळाल्यास त्या हातांचा उपयोग होईल. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही हा लाभ लहान नाही. पुस्तकातील मुदतीच्या कलमाचा अर्थ त्यांना एका कुटुंबाच्या उपजीविकेतून उमगतो. म्हणून विधी महाविद्यालयांनी अशा प्रकल्पांचे मूल्यमापन भरविलेल्या शिबिरांच्या संख्येवरून न करता, शेवटापर्यंत नेलेल्या प्रकरणांवरून करावे, असे या विवेचनावरून म्हणता येते.